एका इंग्रजी शब्दाचे चार मराठी शब्द होतात, ते कसं थांबवायचं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: कंपनी एक, मजकूर सात भाषांत, आणि एकच संज्ञा माहितीपत्रकात एक, ॲपमध्ये दुसरी, कॉल सेंटरच्या तोंडी तिसरीच. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. ते शेवटी बघू.

मी विम्याची कागदपत्रं मराठीत आणते. प्रीमियम म्हणजे 'हप्ता', असं आम्ही बिनदिक्कत लिहायचो. मग पॉलिसीवर कर्ज काढलेल्या ग्राहकांना जाणारं एक पत्र आलं. प्रीमियम थकलेला, कर्जाचा हप्ताही थकलेला, आणि मराठीत दोन्ही 'हप्ता'! भरायचा कुठला? (हप्ता म्हटल्यावर आपल्याला आधी कोण आठवतो, ते सोडाच.) तेव्हापासून प्रीमियम तसाच ठेवला, हप्ता फक्त कर्जाचा.

'नॉमिनी' त्याहून नाजूक. एकाने सरळ 'वारस' लिहिलं. बोलताना सगळे तेच म्हणतात, पण नॉमिनी पैसे स्वीकारतो, त्यावरचा हक्क वारसांचा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सरबती देवी खटल्यात स्पष्ट केलंय. विमा कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, जोडीदार आणि मुलं नॉमिनी असतील तर चित्र बदललं, तरी दोन्ही शब्द एक झाले नाहीत.

म्हणून यादी शब्दांची नको, संकल्पनांची करा. एका संकल्पनेला एक नोंद: व्याख्या, प्रत्येक भाषेतला ठरलेला शब्द, आणि 'हा वापरायचा नाही' असे शब्द. आधी इंग्रजीच निस्तरावं लागेल. वडिलांनी मुलीचा विमा काढला, तर प्रस्तावक वडील आणि विमा मुलीचा. पण मूळ इंग्रजी लिहिणारा दोघांनाही 'कस्टमर' म्हणून मोकळा होतो.

मराठीचा एक खास ताप म्हणजे सामान्यरूप. नोंदीत 'दावा' असेल तर तपासणीचं टूल 'दाव्याची' दिसताच चूक दाखवतं. अशा शंभर खोट्या सूचना आल्या की अनुवादक तपासणीच बंद करून टाकतो. तेव्हा 'दाव्या-' हे रूपही नोंदवा. लिंगही ठरवून टाका. ईमेल तो, ती की ते, यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात.

आता सॉफ्टवेअर. पहिल्या शंभरेक संज्ञांना एक्सेल पुरतं. पुढे टर्मबेस, म्हणजे संज्ञांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्याल तेव्हा त्यातून टीबीएक्स फाइल (अशा नोंदी एका टूलमधून दुसऱ्यात नेण्याचा प्रमाणित फाइल-प्रकार) काढता येते का, एवढं नक्की बघा, म्हणजे उद्या टूल बदललं तरी नोंदी अडकून पडत नाहीत. नोंद कशी बांधतात ते पाहायला युरोपीय संघाचा २४ भाषांचा 'आयएटीई' हा संज्ञासंग्रह सगळ्यांना खुला आहे.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक भाषेला शेवटचा शब्द देणारी एक व्यक्ती नेमा. आमच्याकडे ती नव्हती, तेव्हा 'सरेंडर व्हॅल्यू'चे (पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत मिळणाऱ्या रकमेचे) चार मराठी शब्द एकाच वर्षात छापून गेले. त्यातले दोन माझेच होते.