लहान व्यवसायात खर्चाच्या पावत्या: कोणत्या ठेवाव्यात, कशा ठेवाव्यात आणि किती वर्षे

आपण विचारले आहे की, ठाण्यात लग्नसमारंभांच्या मंडप-सजावटीचा आपला लहान व्यवसाय आहे, फुले पहाटे दादरच्या बाजारातून रोखीने घेतली जातात, टेम्पो, हमाली आणि कारागिरांचे पैसे कधी रोख तर कधी यूपीआयने दिले जातात. हा सगळा तपशील मोबाइलमध्ये आणि बँकेच्या खातेउताऱ्यात असताना प्रत्येक पावती जपणे खरोखर आवश्यक आहे का, आणि असल्यास किती वर्षे? मी लहान व्यावसायिकांच्या किर्द-खतावणीचे व विवरणपत्रांचे काम करतो आणि हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

यूपीआयच्या नोंदीवरून पैसे दिल्याचे सिद्ध होते, खर्च सिद्ध होत नाही. आयकर कायदा, १९६१ च्या (१ एप्रिल २०२६ पूर्वीच्या वर्षांना लागू असलेल्या; पुढील आयकराची कलमे व नियमही त्याच जुन्या कायद्याचे आहेत) कलम ३७ नुसार खर्च पूर्णतः आणि केवळ व्यवसायासाठी झालेला असेल, खासगी नसेल आणि भांडवली स्वरूपाचा (म्हणजे यंत्रासारख्या टिकाऊ वस्तूवरचा) नसेल, तरच त्याची वजावट मिळते. आपल्या खात्यातून एका व्यक्तीला ६,४०० रुपये गेले, एवढेच खातेउतारा सांगतो. ते झेंडूचे होते, घरभाड्याचे होते की मित्राला उसने दिले होते, हे तो सांगू शकत नाही. ते सांगण्याचे काम बिलाचे आहे. बिल आणि पैसे दिल्याची नोंद हे दोन वेगळे पुरावे असून दोन्ही लागतात.

विवरणपत्रासोबत कोणतेही कागद जोडायचे नसतात, त्यामुळे कोणी काही मागणारच नाही असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात दाखल केले ते वर्ष संपल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत छाननीची नोटीस येऊ शकते. म्हणजे २०२४-२५ च्या हंगामातील खर्चाबद्दलचे, २०२५ च्या पावसाळ्यात दाखल केलेल्या विवरणपत्रावरील प्रश्न जून २०२६ अखेरपर्यंत सुरू होऊ शकतात. शिवाय आता छाननी चेहराविरहित पद्धतीने होते. अधिकारी आपल्यासमोर बसलेला नसतो आणि त्याच्याकडे फक्त आपण पोर्टलवर चढवलेले कागद असतात. पूर्वी टेबलापलीकडे बसून ‘साहेब, हे त्या लग्नाचे’ असे तोंडी सांगता येत असे, आता ते त्या कागदावरच लिहिलेले असावे लागते. म्हणून माझा सर्वांत कळकळीचा आग्रह असा की, प्रत्येक बिलावर त्याच दिवशी पेनने समारंभाची तारीख, ठिकाण आणि ऑर्डरचा क्रमांक लिहावा. वर्षाअखेरीस आठवून लिहिलेल्या टिपणाला हे मोल येत नाही, कारण तोवर कोणता टेम्पो कोणत्या मंगल कार्यालयात गेला होता हे कोणालाच नीट आठवत नाही.

आता फुलांकडे वळतो, कारण आपल्या व्यवसायातली खरी अडचण तेथेच आहे. गाळा असलेला व्यापारी मागितल्यास बिल देतो, आणि ते मागावेच. बाजारात टोपली घेऊन बसलेल्या विक्रेत्याकडे मात्र बिलबुक नसते. अशा वेळी स्वतःचे छापील व्हाउचर (पैसे दिल्याची आपण स्वतः भरलेली पावती) सोबत ठेवावे आणि त्यावर विक्रेत्याचे नाव, फुलांचा प्रकार, वजन, दर, एकूण रक्कम व कोणत्या समारंभासाठी हे लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. स्वतः तयार केलेले व्हाउचर बिलाइतके भक्कम नसते, हे खरे आहे. आयकर नियम ६-एफ मध्ये, जो मुळात कायद्याने ठरवून दिलेल्या विशिष्ट पेशांसाठी आहे, बिल न मिळाल्यास स्वतःच्या सहीच्या व्हाउचरला ५० रुपयांपर्यंतच मुभा दिलेली आहे, यावरून अशा कागदाकडे कायदा किती सावधपणे पाहतो हे लक्षात यावे. म्हणून व्हाउचरला आधार द्यावा लागतो. त्याच तारखेच्या समारंभाची ऑर्डर, ग्राहकाला दिलेले बिल आणि तेथील सजावटीचे छायाचित्र एकत्र लावले, तर ४० किलो झेंडू कोठे गेला हा प्रश्न उरत नाही.

फुलांच्या बाबतीत दुसरी गोष्ट रोख रकमेच्या मर्यादेची आहे आणि ती पावत्यांपेक्षाही महत्त्वाची आहे. कलम ४०अ(३) नुसार एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिल्यास तो संपूर्ण खर्च अमान्य होतो. फक्त वरची रक्कम नव्हे, संपूर्ण. समजा एका व्यापाऱ्याला लग्नाच्या हंगामात १८,००० रुपये रोख दिले, तर बिल पक्के असले तरी ते १८,००० आपल्या नफ्यात मिळवले जातात. एकाच दिवशी तीन पावत्या फाडून उपयोग होत नाही, कारण त्या दिवसाची बेरीज धरली जाते. बेअरर चेकही चालत नाही. यूपीआय, एनईएफटी किंवा अकाउंट पेयी चेक चालतो. मालवाहू वाहनाच्या भाड्यासाठी ही मर्यादा ३५,००० रुपये आहे. नियम ६-डीडी मध्ये काही अपवाद दिले असून, फळबाग व फुलशेतीचे उत्पादन स्वतः पिकवणाऱ्याकडूनच घेतले असेल तर रोखीची ही मर्यादा लागू होत नाही. वसईकडून सोनचाफा घेऊन येणारा शेतकरी या अपवादात बसतो, पण त्याच्याकडून माल घेऊन विकणारा व्यापारी बसत नाही. त्यामुळे शेतकऱ्याच्या व्हाउचरवर त्याचे गाव आणि ‘स्वतःच्या शेतातील माल’ असा उल्लेख करून त्याची सही घेणे फार उपयोगी पडते.

कारागिरांच्या मजुरीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. दहा माणसांची मजुरी म्हणून मुकादमाच्या हातात १५,००० रुपये रोख ठेवले आणि त्याची एक सही घेतली, तर ती एका व्यक्तीला दिलेली रक्कम दिसते. त्याऐवजी हजेरीपट ठेवून प्रत्येकाचे नाव, समारंभाचे ठिकाण, दिवस, दर आणि सही अशी नोंद केली व मजुरी ज्याची त्याला दिली, तर खर्च प्रत्येकाच्या नावावर स्वच्छ उभा राहतो. एका पावतीवरील रोख रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यावी. उचल (आगाऊ दिलेली रक्कम) हा खर्च नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. माणसाला सामान आणायला दिलेले २,००० रुपये त्याने बिले आणून हिशेब देईपर्यंत त्याच्या नावे येणे म्हणूनच राहतात. ती रक्कम थेट खर्चात लिहिण्याची सवय मी अनेक वह्यांमध्ये पाहिली आहे, आणि तीच पुढे सर्वांत अवघड प्रश्न निर्माण करते.

आपली जीएसटी नोंदणी असेल तर बिलाची काटेकोर तपासणी दुकानातच करावी. ताज्या फुलांवर कर नाही, परंतु कापड, एलईडी माळा, लोखंडी पाइप यांवर आहे, आणि त्या कराचे क्रेडिट (खरेदीवर दिलेला कर आपल्या देय करातून वजा करण्याची सोय) मिळण्यासाठी बिलावर आपला जीएसटी क्रमांक अचूक असावा लागतो. तो नसेल तर विक्रेता ती विक्री सामान्य ग्राहकाच्या खात्यात दाखवतो, आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये (विक्रेत्यांनी भरलेल्या माहितीवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या आपल्या क्रेडिटच्या उताऱ्यात) ती येत नाही आणि क्रेडिट हातचे जाते. कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या व ग्राहकाकडून वेगळा कर न घेणाऱ्या) दुकानदाराकडून घेतलेल्या मालावर क्रेडिट मिळत नाही. विक्रेत्याचे पैसे १८० दिवसांत चुकते केले नाहीत, तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. मागील आर्थिक वर्षाचे राहिलेले क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांतील आधीच्या तारखेपर्यंतच घेता येते.

आपण आयकराच्या कलम ४४एडी च्या अनुमानित योजनेत असाल, म्हणजे उलाढालीच्या ८ टक्के व बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा धरून कर भरत असाल, तर खर्चाची वेगळी वजावट नसल्याने आयकरासाठी पावत्यांची गरज बरीच कमी होते. तरीही त्या ठेवाव्यात असे माझे मत आहे, कारण जीएसटीला ही सवलत लागू नाही आणि एखाद्या वर्षी खरा नफा ६ टक्क्यांच्या खाली गेला तर तो दाखवण्यासाठी पूर्ण वह्या लागतात. (आपण घरांच्या अंतर्गत सजावटीची कामेही करत असाल, तर तो विशिष्ट पेशांपैकी एक गणला जातो आणि त्याचे नियम वेगळे आहेत.)

कागद टिकवण्याबद्दल. पेट्रोल पंपाची आणि कार्ड यंत्राची पावती थर्मल कागदाची असते; ती उन्हाने, तेलकट हाताने आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात काही महिन्यांत पुसली जाते व लॅमिनेशनच्या उष्णतेने काळी पडते. तिची त्याच आठवड्यात झेरॉक्स काढून मूळ पावती झेरॉक्सला टाचावी. इतर बिलांना महिन्याच्या क्रमाने अनुक्रमांक द्यावा, तोच क्रमांक किर्दीत लिहावा, संध्याकाळी मोबाइलवर छायाचित्र घेऊन महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवावे आणि मूळ कागद महिन्याच्या लिफाफ्यात ठेवावेत. छायाचित्र आहे म्हणून मूळ बिल फेकू नये.

मुदतीचे म्हणाल तर आयकरासाठी संबंधित करनिर्धारण वर्ष (आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून सहा वर्षे ही मुदत पाळली जाते, आणि जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. २०२४-२५ च्या पावत्या त्यामुळे ३१ मार्च २०३२ पर्यंत ठेवाव्यात. अपील चालू असेल तर त्याचा निकाल लागून जीएसटीच्या बाबतीत आणखी एक वर्ष होईपर्यंत कागद हलवू नयेत. जनरेटर, ध्वनियंत्रणा, संगणक अशा वस्तूंची बिले मात्र वस्तू वापरात असेपर्यंत आणि विकल्यानंतरही तेवढाच काळ जपावीत, कारण घसारा (वस्तूच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट) दरवर्षी त्याच बिलावर अवलंबून असतो. तो बिलावरील किमतीवर आणि वस्तू त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली का यावर ठरतो; अशी वस्तू १०,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देऊन घेतली तर ती रक्कम किमतीतच धरली जात नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण त्याआधीच्या वर्षांचे प्रश्न जुन्या कायद्यानुसारच हाताळले जातात.

चालू वर्षाची काही बिले हरवली असतील तर ३१ मार्चपूर्वी विक्रेत्याकडे दुसरी प्रत मागावी. कच्च्या चिठ्ठीऐवजी पक्क्या बिलाची प्रत, तारीख व क्रमांकासह घ्यावी. जीएसटीच्या खरेदीतील हरवलेल्या बिलांचे क्रमांक आपल्या २बी मध्ये सापडतात, त्यामुळे विक्रेत्याला नेमके कोणते बिल हवे ते सांगता येते. टोपलीवाल्या विक्रेत्यांकडील जुन्या खरेदीची व्हाउचरे आता मागील तारखा टाकून करू नयेत. ऑर्डर आणि यूपीआयच्या नोंदी जेवढा खर्च दाखवू शकतात तेवढाच लिहावा आणि पुढच्या पहाटेपासून छापील व्हाउचरचे पुस्तक सोबत न्यावे.