तिसऱ्यांदा नीट की शरीरक्रियाशास्त्र?

नमस्कार ताई,

तुम्ही अमळनेरहून लिहिलंय की मुलगी बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि नीट दोनदा हुकली. हृदय, आतडी, घाम हे सगळं आपोआप कसं चालतं, यावर तिला संशोधन करायचंय. तिसऱ्यांदा नीटला बसवू का, असं विचारता.

बसवू नका. हे सगळं आपोआप चालवणाऱ्या नसांच्या जाळ्यावर, म्हणजे स्वायत्त चेतासंस्थेवर, काम करायला एमबीबीएस लागतंच असं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. करता येते, पण जागा मोजक्याच. म्हणून सोबत जॅम, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, द्यावी. जळगावच्या विद्यापीठातली जीवशास्त्र प्रशाळा तर घराजवळच आहे. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये. एम.एस्सी. आणि पीएच.डी. मिळून सात वर्षं तरी धरा, तोवर नोकरीची घाई नको.

आता काम काय असतं ते. हृदय एकटं सोडलं तर मिनिटाला साधारण शंभर ठोके देतं. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस चेता (नस) लगाम खेचून ते सत्तरच्या आसपास ठेवते. हा लगाम मोजायला माणसाला आडवं झोपवून पाच मिनिटं ईसीजी घेतात आणि दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत काढतात. श्वास घेताना ते कमी होतं, सोडताना वाढतं. फसगत इथेच होते: एखादा अवेळी ठोका पडला किंवा थंडीने अंग थरथरलं, की सॉफ्टवेअर तोच चढउतार समजतं आणि आकडा फुगतो. चहा पिऊन आलेला माणूसही आकडा बिघडवतो. म्हणून प्रत्येक आलेख डोळ्यांखालून घालावा लागतो. संख्याशास्त्र आणि पायथन ही संगणकभाषाही यायला हवी. बारावीनंतर गणित सोडलेली मुलं नेमकी तिथेच अडतात, तेव्हा तिने ते याच सुट्टीत सुरू करावं.

आवड खरी आहे का, ते घरीच कळेल. तिला पाच सेकंद श्वास घ्यायला आणि पाच सेकंद सोडायला सांगा, मिनिटभर. तेवढा वेळ बोटं मनगटावर. नाडी पळते नि मंदावते, ते हाताला लागतं. मग विचारा, आपल्याकडच्या मे महिन्यात घाम फोडणारे चेतातंतू अनुकंपी (स्वायत्त चेतासंस्थेच्या धावपळीला तयार करणाऱ्या भागाचे) असूनही त्या भागाचं नेहमीचं रसायन नॉरॲड्रेनलिन न सोडता ॲसिटाइलकोलीन हे दुसरंच रसायन का सोडतात? ती उत्तर शोधत बसली, तर समजा जमलं.

जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. तिसऱ्या वर्षाला असतानाच बसवा. पदवीच्या निकालाची वाट पाहिली तर वर्ष जातं.