भाड्याच्या सदनिकेसाठी फरशी निवडताना

आपण प्रथमच सदनिका भाड्याने देत आहात, तेव्हा संगमरवराचा मोह टाळावा. लिंबाचा रस सांडला की त्यावर उमटणारा डाग पुसून जात नाही. खोल्यांसाठी डबल चार्ज व्हिट्रिफाइड टाइल्स (दोन थर एकत्र दाबून भाजलेल्या टणक फरश्या) घ्याव्यात, कारण त्यांचा रंगीत थर सुमारे ३ ते ४ मिलिमीटर जाड असल्याने कपाट ओढल्याचे ओरखडे सहसा उठून दिसत नाहीत.

नवखे मालक बहुधा येथे चुकतात:

- न्हाणीघरातही गुळगुळीत टाइल्स बसवतात.
- स्वयंपाकघराच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरतात, जे हळदीने पिवळे पडते. महाग असले तरी तेथे इपॉक्सी हे डाग सहसा न शोषणारे राळेचे मिश्रणच भरावे.
- त्याच बॅचची एक पेटी जादा घेत नाहीत. पुढे तीच छटा मिळेल, या दुकानदाराच्या आश्वासनावर विसंबू नये.

गवंड्याचे पैसे चुकते करण्यापूर्वी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून पाहावी. आवाज पोकळ आल्यास ती पुन्हा बसवून घ्यावी.