हिस्सा मागितला तर मी हावरट ठरते का?

मी समुपदेशक. दिवाळी जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. गाव बदलतं, जमिनीचा आकार बदलतो, पेच तोच. वडील गेलेत, भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय. सही केली तर मनाला लागतं, नाही केली तर माहेर तुटतं. मग बरोबर काय?

सुनंदाताई (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत) पन्नाशीच्या, चिंचवडला एका पतसंस्थेत कॅशियर. माहेर तासगावकडचं, द्राक्षबागेचं. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर आई, भाऊ, त्या आणि धाकटी बहीण अशी नावं लागली होती. भावाचा मेसेज त्यांनी मला दाखवला : "ताई, सोमवारी ११ वाजता रजिस्ट्रार ऑफिसला ये. आधार, पॅन, दोन फोटो आण. जेवण घरीच." 'जेवण घरीच' वाचून दाखवताना त्यांचा आवाज फुटला. धाकटीने आधीच होकार कळवला होता.

"कायद्याने मला मिळतं हे माहितीये मला," त्या म्हणाल्या. "मला ते विचारायचंच नाहीये. मागणं चांगलं की वाईट, तेवढं सांगा."

कायदा खरोखरच स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही. इतकं सगळं होऊनही बायका सही करून मोकळ्या होतात. कायदा मिळकत वाटून देतो, आपण चांगल्या की वाईट हे माणूस दुसरीकडून ठरवतो. कुठून, ते बघणं हेच माझं काम.

मी त्यांना कोरा कागद दिला. मनात येणारी वाक्यं जशीच्या तशी लिहा म्हटलं आणि प्रत्येकापुढे ते वाक्य मूळ कुणाचं ते लिहा. 'माहेरचं मागणाऱ्या बाईला बरकत नसते' यापुढे आत्या. 'लग्नात खर्च केला, विषय संपला' यापुढे वडील. 'तुला काय कमी आहे?' हे वहिनीचं. 'त्याने बाग जगवली, मी पुण्यात बसून होते' याच्यापुढे त्यांनी 'मी' लिहिलं, आणि ते खरंही होतं. सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात एक वाक्य होतं : 'माझं नाव राहावं असं वाटतं.' त्याच्यापुढची जागा त्यांनी रिकामीच ठेवली.

आत्याचं वाक्य परकं, म्हणून टाकून द्या, असं काही मी म्हटलं नाही. आपली बरीचशी नीती अशीच उसनी असते आणि त्यातली पुष्कळ चांगलीही असते. फक्त उसनं काय आणि आपलं काय, हे सही करण्याआधी कळलेलं बरं.

मग मी आमच्या पेशातला ठरलेला प्रश्न विचारला. हेच तुमच्या लेकीने विचारलं असतं तर? ताई लगेच म्हणाल्या, "तिचं वेगळं. तिला भाऊच नाही." दोघीही हसलो. असले तयार प्रश्न असेच आपटतात.

दुसरा प्रश्न जरा आडवा होता. समजा, भाऊ अजिबात नाराज होणार नाही, वहिनी टोमणा मारणार नाही, भाऊबीज आहे तशीच राहील, अशी मी लेखी हमी दिली. मग सही कराल?

"मग कशाला करेन?"

बरं. आता उलटं बघू. समजा त्या जमिनीला काडीची किंमत नाही. पडीक, कुणी विकत घेणार नाही. तरी नाव हवं?

यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हो. आईच्या नावाखाली. लग्न झालं आणि रेशनकार्डावरनं नाव गेलं, मतदार यादीतनं गेलं. कुठंतरी राहू दे की."

मला हे दोन प्रश्न फार उपयोगी वाटतात, फक्त जमिनीसाठी नाही. एखादी गोष्ट आपल्याला मोलाची आहे की नुसतीच भीती किंवा लालूच आहे, हे कळत नसेल तर आधी भीती बाजूला काढून बघा, मग फायदा बाजूला काढून बघा. ताईंच्या बाबतीत भीती काढली तेव्हा त्याग उरला नाही. फायदा काढला तेव्हा नाव मात्र उरलं. म्हणजे ज्याला त्या भावावरची माया समजत होत्या त्यात धाकाचा भाग मोठा होता, आणि ज्याला हाव म्हणून घाबरत होत्या त्यात पैसा जवळजवळ नव्हताच. आणि समजा पैसा असता, तरी मी त्याला वाईट म्हटलं नसतं. भावाला जमिनीचा पैसा दिसतो तेव्हा आपण त्याला व्यवहारी म्हणतो.

अमेरिकेतल्या कॅरोल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये लॉरेन्स कोहलबर्ग यांच्या नैतिक विकासाच्या मांडणीवर बोट ठेवलं होतं. कोहलबर्ग यांनी मूळ अभ्यास फक्त मुलग्यांवर केला आणि न्याय, हक्क, तत्त्व यांना वरची पायरी दिली. नाती सांभाळून निर्णय घेणाऱ्या बायका त्यात खालच्या ठरायच्या. गिलिगन म्हणाल्या, काळजी ही कमी प्रतीची नीती नाही, तिची वाट वेगळी आहे. पण त्याच वाटेवर एक थांबा असा येतो की चांगुलपणा म्हणजे स्वतःला पुसून टाकणं असं बाईला वाटू लागतं. पुढे जायचं तर ज्यांची काळजी घ्यायची त्यांच्यात स्वतःलाही धरावं लागतं. ताई नेमक्या त्या थांब्यावर होत्या. आई, भाऊ, त्याची पोरं, बाग, सगळ्यांचा विचार त्यांनी केला होता. हिशेबात त्यांचं स्वतःचं नावच नव्हतं, आणि ही बाई दिवसभर दुसऱ्यांची रोकड पैशापैशाने जुळवते.

'हावरट' या शिक्क्याबद्दलही बोललो. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांचा आग्रह असे की कृतीचं मोजमाप करा, माणसाचं करू नका. हिस्सा ठेवणं योग्य की अयोग्य यावर वाद घालता येतो. 'मी कसली बाई' यावर नुसतं रडता येतं.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे मॅडम बायकांना सही करू नका असं शिकवतात. तसं नाही. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका बाईंनी पूर्ण विचार करून हक्क सोडला. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं भाऊ-भावजयीने वर्षानुवर्षं केलं होतं. त्यांनाही मी हेच दोन प्रश्न विचारले. भीती काढली तरी त्या म्हणाल्या, देणारच, त्यांनी कमावलंय ते. अशा सहीला मी दडपण म्हणणार नाही. बहिणीने मागू नये हीच आपली संस्कृती, असं मात्र कुणी सांगू लागलं की मला राग येतो. ती संस्कृती सांभाळायचं काम नेहमी बहिणीकडेच कसं येतं?

ताई सोमवारी गेल्या. सही केली नाही, जेवल्या. भावाचं म्हणणं ऐकलं तेव्हा वेगळंच निघालं. बागेसाठी कर्ज हवं होतं आणि बँक सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या मागत होती. गावातल्या कुणीतरी त्याला सांगितलं, बहिणींची नावं काढ, कटकटच मिटते. ताई म्हणाल्या, कर्जाला संमती देते, नाव राहू दे, बाग तूच कर, उत्पन्नातलं मला काही नको. भाऊ उठून गोठ्यात गेला. नंतर तो महिनोन्महिने बोलला नाही, भाऊबीजेला बोलावणंही आलं नाही. आई मात्र रोज दुपारी फोन करते. कर्जाच्या कागदावर ताईंनी सही केली. हे नातं पुन्हा जुळेल की नाही, मला सांगता येत नाही. ताईंनाही नाही. पण झोप लागते, असं त्या म्हणाल्या.

तुमच्यावरही अशी सही येऊन ठेपली असेल तर मसुदा आधी घरी मागवून घ्या आणि त्याच दिवशी सही करू नका. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर सहजासहजी रद्द होत नाही. नेमका हिस्सा किती ते समुपदेशकाला विचारू नका, वकिलाला विचारा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जाताना सातबारा आणि वारसनोंदीच्या फेरफाराची प्रत सोबत असू द्या.