झपाटलेलं कोण, घर की माणूस?

प्रश्न असा आहे: ‘झपाटलेलं घर’ हा प्रयोग बरोबर आहे का? आणि भूतबित काही न मानणाऱ्यालाही एखादी जागा तशी वाटते, तेव्हा काय म्हणायचं?

प्रयोग आता रुळलाय, चूक म्हणणार नाही. पण माझ्या कानाला अजून माणूसच झपाटतो. भुतानं, नाहीतर कामानं. घरात ‘भुताटकी’ असते.

दुसरा प्रश्न जास्त मजेचा. भयाण, भकास, उदास, सुनं हे शब्द घेऊन बघा. भिंतींपेक्षा आत शिरणाऱ्याच्या मनाबद्दलच ते जास्त बोलतात. ‘उदास’ माणूसही असतो आणि संध्याकाळही. ‘सुनं’ तर थेट ‘शून्य’वरून आलेलं. नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव, म्हणजे भय जागवणारी कारणं, सांगितली आहेत. त्यांत ‘शून्यगृह’ आहे, अरण्याच्या जोडीला. नुसतं रिकामं घर! तिथे कुणी मेलेलं असावं अशी अट नाही.

अर्थात, कुणी मेल्याचं कानावर आलं की काम सोपं होतं. एखाद्या खोलीत कुणीतरी गळफास घेतला होता असं कळतं आणि त्या रात्री तिथलं दार ‘करकरतं’. कालपर्यंत तेच दार नुसतं तेल मागत होतं. भ्यायलेलं मन कान टवकारून बसतं, एरवी सोडून दिलेला आवाज पकडतं आणि त्याला धनी शोधतं.

पण भावना बदलली की शब्दही बदलतो. आई गेल्यावर कित्येक दिवस स्वयंपाकघरात भांडं वाजलं की मी वळून बघायचो. भीती नव्हती, उलट वाटच बघत होतो. त्या घराला मी भुताटकीचं म्हटलं नसतं. ते ‘खायला उठायचं’. आवाज तसाच, रिकामेपणही तसंच. गेलेलं माणूस परकं की आपलं, एवढाच फरक.

(जाता जाता: ‘भूत’ म्हणजे मुळात ‘होऊन गेलेलं’. भूतकाळातलं भूत तेच.)

तेव्हा तिथे खरंच काही आहे असा दावा असेल तर ‘त्या घरात भुताटकी आहे’ म्हणा. दुःख असेल तर ‘घर खायला उठतं’. आणि कारण सांगता येत नाही, पण पाय आत पडत नाही, अशा वेळी ‘ते घर अंगावर येतं’.