रक्तात पोहोचलेला न्यूमोनिया

प्रश्न : न्यूमोनियासाठी रुग्णालयात असलेल्या माझ्या वडिलांच्या रक्तातही जंतू आढळले आहेत. धोका किती वाढला?

उत्तर : ही बाब गंभीर आहे, मात्र रुग्ण बरा होणे केवळ या अहवालावर ठरत नाही, तर वय, मूत्रपिंड वा यकृताचे जुने आजार, रक्तदाब खालावणे आणि योग्य प्रतिजैविक किती लवकर सुरू झाले, यांवर बरेचसे अवलंबून असते. १९६४ साली रॉबर्ट ऑस्ट्रियन आणि जेरोम गोल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवून दिले, की न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जंतू रक्तात पोहोचलेल्या रुग्णांतील पहिल्या काही दिवसांतले मृत्यू पेनिसिलिननेही फारसे टळत नव्हते. म्हणूनच सुरुवातीच्या दिवसांत श्वास, लघवीचे प्रमाण आणि शुद्ध यांवर बारीक लक्ष ठेवतात. नेमका जंतू कळल्याने औषध अचूक निवडता येते, हा दिलासाही लहान नाही.