‘गोदीत कामास’ म्हणजे नेमके कोणते काम?

प्रश्न असा आहे: घरातल्या जुन्या कागदांत पणजोबांच्या नावापुढे ‘मुंबईस गोदीत कामास’ एवढीच नोंद सापडली, तेव्हा ते जहाजे बांधत असत, असे कुटुंबाच्या इतिहासात लिहावे का?

एवढ्या नोंदीवर तसे लिहू नये, कारण मराठीत ‘गोदी’ या एकाच शब्दात दोन निराळ्या जागा मावतात. पहिली जहाजे बांधण्याची किंवा दुरुस्त करण्याची. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे, वाघोटण खाडीकाठी असलेली मराठा आरमाराची गोदी या अर्थाची आहे, आणि सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी १७५० मध्ये बांधलेली सुकी गोदीही त्याच अर्थाची. भरतीला जहाज आत घ्यायचे, दार लावायचे आणि पाणी काढून टाकायचे, म्हणजे तळाच्या फळ्या उघड्या पडून सुतार-लोहारांच्या हाताखाली येत. वाडिया घराण्यातल्याच जमशेटजी बमनजींच्या हाताखाली मुंबईत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाहावयास मिळते.

दुसरी गोदी माल चढवण्या-उतरवण्याची: ससून (१८७५), प्रिन्सेस (१८८०), व्हिक्टोरिया (१८८८), अलेक्झांड्रा (१९१४). येथे दाराचे काम नेमके उलटे, ओहोटीतही पाणी आत अडवून धरण्याचे, जेणेकरून जहाज धक्क्याला तरंगत राहील. ‘गोदी कामगार’ हा जोडशब्द रूढ झाला तो या दुसऱ्या गोदीवरून. १९४८ चा गोदी कामगारांविषयीचा कायदाही प्रामुख्याने मालाची चढउतार करणाऱ्यांसाठीच होता. जहाजबांधणीतला माणूस मात्र ‘माझगाव डॉकमध्ये फिटर आहे’ असे कारखान्याचे आणि हुद्द्याचे नाव घेऊन सांगतो, आणि माझ्या मते तीच पद्धत नेमकी आहे.

म्हणून कागदांत हुद्दा शोधावा. फिटर, सुतार, बॉयलरमेकर असे काही आढळले तर बांधणी-दुरुस्तीकडे कल धरता येईल. टोळीवाला (चढउतारीच्या टोळीतला) किंवा विंचवाला (माल उचलण्याचे ‘विंच’ यंत्र चालवणारा) असेल तर मालाकडे. मुकादम दोन्हीकडे सापडतो, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. गोदीचे नाव मिळाले तरी सावध राहावे, कारण अलेक्झांड्रा गोदीला लागूनच ह्यूज सुकी गोदी होती. हुद्दा मिळेपर्यंत ‘मुंबईच्या गोदीत नोकरी’ एवढेच लिहावे.